सात वेळा राष्ट्रीय विजेता, मग ग्रँडमास्टर व्हायला १९९७ का उजाडलं?

एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगा चौदा वर्षांचा, बुद्धिबळ खेळतो, फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग सतराशेच्या आसपास. त्याच्या सरांनी वर्गात प्रवीण ठिपसे यांचं उदाहरण दिलं. मुलाने घरी येऊन माहिती शोधली आणि वडिलांना विचारलं, "बाबा, हे सात वेळा राष्ट्रीय विजेते झाले, पण ग्रँडमास्टर झाले १९९७ मध्ये. गुकेश तर बाराव्या वर्षीच झाला. म्हणजे तेव्हा नॅशनल जिंकणं सोपं होतं का?" वडिलांचा पुढचा प्रश्न व्यवहाराचा आहे: वर्षभरात प्रवासाला ठरावीकच पैसे काढता येतात, तर ते निवड स्पर्धा आणि राष्ट्रीय स्पर्धांवर खर्च करायचे की रेटिंगच्या खुल्या स्पर्धांवर?

नाही, सोपं नव्हतं. राष्ट्रीय विजेतेपद घरच्यांना हरवून मिळतं. ग्रँडमास्टर किताब मिळवायला बाहेरच्यांसमोर बसावं लागतं, आणि ठिपसेंच्या ऐन उमेदीच्या वर्षांत बाहेरचे समोर येण्याचे प्रसंगच फार थोडे होते. मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवतोय, बरीच वर्षं पंच म्हणूनही काम केलंय आणि त्याआधी राज्य पातळीवर स्वतः खेळलोय. 'सोपं होतं का' हा प्रश्न हल्ली मुलांकडून वारंवार ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वर्षं नीट बघा. ठिपसे राष्ट्रीय विजेते झाले ते १९८२, १९८४, १९८५, १९८९, १९९२, १९९३ आणि १९९४ मध्ये. आता मधल्या फटी बघा. १९८३ चं विजेतेपद दिब्येंदू बारुआचं. १९८६, ८७ आणि ८८ अशी सलग तीन वर्षं विश्वनाथन आनंदची. म्हणजे आनंदच्या आधी तीन आणि आनंदच्या नंतर चार. पहिलं विजेतेपद तेविशीत, शेवटचं पस्तिशीत. मधल्या बारा वर्षांत एक पिढी बदलली, समोर बसणारी पोरं वयाने निम्मी झाली आणि हा माणूस पटावर तसाच उभा राहिला. एकदा नॅशनल जिंकायला एक चांगला महिना पुरतो, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण पहिल्या आणि शेवटच्या विजेतेपदात बारा वर्षांचं अंतर असेल तर त्यामागे नशीब नसतं, हे मात्र ठामपणे सांगेन.

त्या काळची राष्ट्रीय स्पर्धाही आजच्यासारखी नव्हती. आधी 'नॅशनल बी' ही मोठी स्विस (दर फेरीत सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात ती पद्धत) व्हायची आणि तिच्यातून वर आलेले मोजके खेळाडू 'नॅशनल ए'ला जायचे. 'ए' म्हणजे साखळी, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. पहिल्याच दिवशी तक्ता भिंतीवर लागायचा: अमक्या फेरीत तमका, पांढरी की काळी. स्विसमध्ये उद्या कोण समोर येणार ते आदल्या रात्री कळतं. साखळीत प्रत्येकाला तुमच्यासाठी दोन आठवडे आधीपासून तयारी करता येते. आणि समोरचे सगळे तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखणारे. तुम्ही कुठल्या डावात घाई करता, घड्याळात कधी अडकता, बरोबरीचा प्रस्ताव कधी स्वीकारता, सगळं त्यांना पाठ. विजेत्याला तर सगळेच पाण्यात पाहतात. त्याच्याकडून अर्धा गुण काढला तरी गावी जाऊन सांगता येतं. अशा ठिकाणी पुन्हा पुन्हा पहिलं येणं किती अवघड असतं, ते आत बसून खेळल्याशिवाय पूर्ण कळत नाही.

मग एवढी ताकद होती तर किताब का मिळेना? इथे नॉर्म म्हणजे काय ते समजून घ्यावं लागेल. पालकांना हा शब्द रोज ऐकू येतो, पण त्याचे नियम फारसं कुणी समजावून सांगत नाही.

ग्रँडमास्टर किताबासाठी आज दोन गोष्टी लागतात. रेटिंग कधीतरी २५०० ला पोचलं पाहिजे, आणि नॉर्म मिळाले पाहिजेत, ज्यांचे मिळून किमान २७ डाव व्हावेत. नॉर्म म्हणजे किमान नऊ डावांच्या स्पर्धेत २६०० च्या तोडीची कामगिरी. त्यातही मेख अशी की तुमच्या प्रतिस्पर्ध्यांत किमान एक तृतीयांश ग्रँडमास्टर हवेत. नऊ डाव असतील तर तीन. वर आपल्या देशाबाहेरच्या खेळाडूंबद्दलही अटी आहेत. ऐंशीच्या दशकात यातले आकडे थोडे वेगळे होते, पण गाभा हाच होता: ग्रँडमास्टर व्हायचं तर ग्रँडमास्टरांशी खेळा.

आता १९८५ सालात जाऊन बसा. भारतात ग्रँडमास्टर किती? शून्य. आनंद १९८८ मध्ये पहिला झाला, बारुआ १९९१ मध्ये दुसरा, ठिपसे १९९७ मध्ये तिसरे. म्हणजे ठिपसेंनी पहिली तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली तेव्हा भारतात बसून नॉर्म मिळवायचा तर परदेशातून तीन-चार ग्रँडमास्टर विमानाने आणावे लागत. ते कुणी आणायचे? क्वचित एखादी कंपनी पुढे यायची. नाहीतर आपण तिकडे जायचं. त्या काळी परकीय चलन मोजून मिळायचं, नोकरीतली रजा सांभाळायची, आणि युरोपात एका स्पर्धेसाठी जाणं परवडायचं नाही म्हणून दोन-तीन स्पर्धा एकापाठोपाठ खेळायच्या. पहिल्या स्पर्धेत सर्दी-तापाने झोपलात तर वर्ष गेलं.

बाहेरच्यांशी गाठ पडली तेव्हा काय झालं, त्याचाही दाखला आहे. १९८५ मध्ये लंडनला राष्ट्रकुल स्पर्धा झाली. तिथे कॅनडाचा केव्हिन स्प्रॅगेट आणि आपले ठिपसे संयुक्त पहिले आले. त्याच्या तीन वर्षं आधी लंडनलाच लॉइड्स बँक स्पर्धेत पंधरा वर्षांच्या बारुआने व्हिक्टर कोर्चनॉयला हरवलं होतं. कोर्चनॉय म्हणजे आदल्याच वर्षी जगज्जेतेपदाची लढत खेळलेला माणूस. ताकदीत खोट नव्हती, डाव मिळत नव्हते.

रेटिंगचं गणितही असंच आडवं यायचं. फिडेची यादी वर्षातून दोनदा निघे, जानेवारीत आणि जुलैत. २२०० च्या खालच्याला यादीत जागाच नव्हती, त्यामुळे देशातले कितीतरी दमदार खेळाडू कागदावर अस्तित्वातच नव्हते. आता समजा, तुमचं रेटिंग २४५० आहे आणि घरच्या स्पर्धेत समोर २२५० चा खेळाडू बसलाय. दोनशेच्या फरकात तुमच्याकडून शंभरात ७६ गुणांची अपेक्षा धरली जाते. वरच्या खेळाडूंना लागू होणाऱ्या दराने जिंकलात तर २.४ मिळतात, बरोबरी झाली तर २.६ जातात आणि हरलात तर ७.६. आणि तो २२५० चा खेळाडू खरं तर २३५० च्या ताकदीचा असतो, बाहेर कधी खेळलाच नाही म्हणून कागदावर खाली दिसतो. अशा डबक्यात पोहून वर येता येत नाही. सगळे एकमेकांचेच गुण एकमेकांकडून घेत राहतात, बाहेरून नवं पाणी येतच नाही.

या बाबतीत आपल्याकडचं सर्वांत बोलकं उदाहरण ठिपसेंच्याही आधीचं आहे. मॅन्युएल एरन नऊ वेळा राष्ट्रीय विजेते झाले, पहिल्यांदा १९५९ मध्ये आणि शेवटी १९८१ मध्ये. १९६० च्या लाइपझिग ऑलिम्पियाडमध्ये त्यांनी माजी जगज्जेते मॅक्स युवे यांना हरवलं. १९६१ मध्ये ते भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर (ग्रँडमास्टरच्या खालचा किताब) झाले, आणि तेही झोनल, म्हणजे जगज्जेतेपदाच्या निवडीची विभागीय स्पर्धा, जिंकून. आधी मंगोलियाच्या सुखेन मोमोला आणि मग ऑस्ट्रेलियाच्या सेसिल पर्डीला हरवून ते १९६२ च्या स्टॉकहोम इंटरझोनलला, म्हणजे निवडीच्या पुढच्या टप्प्याला, पोचले. तेवीस खेळाडू, बावीस डाव. एरन शेवटचे आले, चार गुण.

हा आकडा ऐकून मुलं हसतात. मी त्यांना हसू देत नाही. त्या चार गुणांत लायोश पोर्टिश आणि वोल्फगांग उलमान यांच्यावरचे विजय आहेत. हे दोघे त्या वेळच्या जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी. त्याच स्पर्धेत बॉबी फिशर साडेसतरा गुणांनी पहिला आला. ज्याला देशात तोडीचा माणूस मिळत नव्हता असा खेळाडू अचानक बावीस डाव फिशर, पेट्रोसियान, गेलर, कोर्चनॉय यांच्यासमोर बसला. एकापाठोपाठ एक. तिथे दमछाक होणार नाही तर काय होणार? पण याच माणसाने दोन दिवस असे काढले की ते पोर्टिश आणि उलमान यांना आयुष्यभर आठवत राहिले असतील. हे डाव एरनना दरवर्षी मिळाले असते तर? या प्रश्नाचं उत्तर मिळणं शक्य नाही, पण माझ्या मनात तो कायम असतो.

आणखी मागे गेलात तर पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ ची, आंध्रातल्या एलुरूची. तिचे संयुक्त विजेते होते डी. वेंकय्या आणि आपले रामचंद्र सप्रे. त्या पिढीतले अनेकजण देशी पद्धतीवर वाढलेले होते. त्यात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकतं, किल्लेकोट नसतो, राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. माझे स्वतःचे पहिले गुरू शेवटपर्यंत ओपनिंग शिकवताना म्हणायचे, "हे दोन घरांचं प्यादं म्हणजे परकं धन, जपून वापर." आंतरराष्ट्रीय नियमांची सवय लागण्यातच आपली बरीच वर्षं गेली. ज्या देशांशी आपली तुलना होते त्यांच्या पोरांनी तोवर ओपनिंगची पुस्तकं झिजवली होती.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण आजच्या मुलांना तिची कल्पनाच नसते. तेव्हा डाव एका बैठकीत संपेलच असं नव्हतं. अडीच तासांत चाळीस चाली, आणि त्यानंतरही डाव चालूच असला तर तो तहकूब. ज्याची चाल असेल त्याने ती पटावर करायची नाही. कागदावर लिहायची, कागद लिफाफ्यात घालायचा, पंचांनी वर पटाची स्थिती आणि दोघांचे वेळ लिहायचे, सह्या व्हायच्या, लिफाफा बंद. दुसऱ्या दिवशी लिफाफा उघडायचा आणि डाव पुढे सुरू.

मी विशीत असताना राज्य निवड स्पर्धेत माझा असाच एक डाव तहकूब झाला. मी एक प्यादं वर होतो. माझे दोन घोडे, एक एफ३ या घरावर आणि एक सी४ वर. चाल मला सापडली होती, घोडा ई५ ला. हात थरथरत होते, घड्याळ टिकटिकत होतं, मी 'घोडा ई५' एवढंच लिहिलं आणि लिफाफा दिला. रात्रभर धर्मशाळेत खिशातल्या छोट्या पटावर मित्राबरोबर तो डाव चाळला. पहाटे तीनला आम्हाला जिंकण्याचा स्वच्छ मार्ग सापडला, चहाही न घेता झोपलो. सकाळी पंचांनी लिफाफा फोडला, कागद वाचला, पुन्हा वाचला आणि तो माझ्यासमोर धरला. दोन्ही घोडे ई५ ला जाऊ शकत होते. कुठला घोडा ते मी लिहिलंच नव्हतं. बंद केलेली चाल संदिग्ध असेल तर डाव हरला, असा नियम. पंचांचं काहीही चुकलं नव्हतं. मी कागदावर सही केली आणि उठलो. त्या अर्ध्या अक्षराने माझी निवड गेली. पुढे पंच झालो तेव्हा प्रत्येक तहकूब डावात, नियमात बसेल तेवढं, खेळाडूला म्हणायचो, "लिहिलेलं एकदा वाचून घ्या."

हे सांगायचं कारण असं की तहकूब डावांच्या काळात रात्रसुद्धा स्पर्धेचाच भाग होती. आणि परदेशी गेलेल्या आपल्या खेळाडूची रात्र एकट्याची असायची. समोरच्या सोव्हिएत खेळाडूच्या खोलीत दोन प्रशिक्षक पट मांडून बसलेले, आणि आपला माणूस दिवसभराच्या डावानंतर एकटा, परक्या गावात, खिशातल्या पटावर. निकालाच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही.

माहितीचंही तेच. बेलग्रेडहून निघणारं 'इन्फॉर्मेटर' हे निवडक डावांचं पुस्तक म्हणजे त्या काळचा डेटाबेस. आपल्याकडे तो यायला महिने लागत. आला की एक प्रत अख्ख्या शहरात फिरायची, झेरॉक्स व्हायच्या, आणि ज्याच्याकडे मूळ प्रत असेल त्याच्या घरी रविवारी गर्दी. आज तुमच्या मुलाच्या खिशातल्या फोनमध्ये जे इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) आहे त्याच्यासमोर तेव्हाचा जगज्जेताही टिकला नसता.

ही कोंडी फुटली कशी? एक तर बाहेरचे इथे यायला लागले. आनंदने शेवटचा नॉर्म पूर्ण केला तो डिसेंबर १९८७ मध्ये कोइमतूरला, शक्ती फायनान्सच्या स्पर्धेत, आणि तो भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. त्याच वर्षी फिलिपाइन्समधल्या बागिओला तो जागतिक ज्युनिअर विजेता झाला होता. मग कोलकात्याची गुडरिक स्पर्धा सुरू झाली, तिथे परदेशी ग्रँडमास्टर नेमाने यायला लागले. दुसरं म्हणजे आपले खेळाडू दर उन्हाळ्यात ब्रिटनला जायला लागले. ब्रिटिश राष्ट्रीय स्पर्धा तेव्हा राष्ट्रकुलातल्या खेळाडूंना खुली होती. २००२ मध्ये ती आर. बी. रमेशने जिंकली आणि २००३ मध्ये एडिनबरोला पुण्याच्या अभिजित कुंटेने. त्यानंतर ते दार बंद झालं. अभिजित १९९७ आणि २००० चा आपला राष्ट्रीय विजेता. तोही २००० मध्येच ग्रँडमास्टर झाला. म्हणजे ठिपसेंच्या पहिल्या आणि अभिजितच्या पहिल्या विजेतेपदात पंधरा वर्षांचं अंतर, पण किताबांत फक्त तीन वर्षांचं. ताकदीच्या फरकाने हे समजावता येत नाही. दारं उघडली म्हणून हे झालं.

जाता जाता मुलींबद्दलही सांगतो, कारण तिथे आणखी एक दार होतं. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला विजेती वासंती खाडिलकर. पुढे तिच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनीही हे विजेतेपद मिळवलं, रोहिणीने तर पाच वेळा. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा मोठा गदारोळ झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की मुलगी आहे म्हणून स्पर्धेपासून अडवता येणार नाही. हेच ते युवे, ज्यांना एरननी लाइपझिगला हरवलं होतं. तेरा वर्षांच्या मुलीला तोडीच्या माणसांसमोर बसायला मिळावं म्हणून जागतिक संघटनेच्या अध्यक्षाला मध्ये पडावं लागलं! आज माझ्या वर्गातल्या मुली खुल्या गटात नाव देतात तेव्हा त्यांना हे माहीतही नसतं. मी मुद्दाम सांगतो.

आता आजचं. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. १९९७ पर्यंत तीन आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षांत पंच्याऐंशी. आता आपल्याच देशातल्या एखाद्या खुल्या स्पर्धेत पहिल्या वीस पटांवर इतके किताबधारी असतात की आपल्या पोरांना ग्रँडमास्टर शोधत हिंडावं लागत नाही. जे मिळवायला ठिपसेंना लंडनचं तिकीट काढावं लागे, त्यातलं बरंचसं आज रेल्वेच्या तिकिटात मिळतं. गुकेशने जानेवारी २०१९ मध्ये बारा वर्षं सात महिन्यांचा असताना किताब मिळवला, तो त्याच्या विलक्षण गुणांवर आणि आईवडिलांनी सोसलेल्या कष्टांवर. पण तो ज्या जमिनीवर उभा होता ती आधीच्यांनी तयार केली होती.

दिव्याची वाट मला वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटते. २०२२ मध्ये भुवनेश्वरला ती राष्ट्रीय महिला विजेती झाली. २०२५ मध्ये बातुमीच्या महिला विश्वचषकाला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. अंतिम फेरीत कोनेरू हंपीशी दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले, टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जलद डावांत, दिव्या जिंकली आणि विश्वचषक जिंकणाऱ्याला थेट किताब या नियमाने ग्रँडमास्टर झाली. एरन झोनल जिंकून इंटरनॅशनल मास्टर झाले, दिव्या विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर. मध्ये चौसष्ट वर्षं गेली, आणि योगायोगाने पटावरची घरंही चौसष्टच.

आणि राष्ट्रीय विजेतेपद अजून अवघड आहे का? २०२२ ची कानपूरची खुली राष्ट्रीय स्पर्धा बघा. अकरा फेऱ्यांत साडेआठ गुणांवर तिघे: अर्जुन एरिगैसी, गुकेश आणि इनियन. टायब्रेकवर विजेता अर्जुन. त्यानंतर तीन वर्षांच्या आत गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला. म्हणजे होणाऱ्या जगज्जेत्याला त्या वर्षी घरची स्पर्धा जिंकता आली नाही. तुमच्या मुलाच्या 'सोपं होतं का'चं उत्तर त्याला या तक्त्यातच मिळेल. तक्ता नेटवर आहे, त्याला स्वतः काढून बघायला सांगा. सूर्यशेखर गांगुलीने २००३ ते २००८ सलग सहा वेळा हे विजेतेपद मिळवलं, तो तक्ताही जोडीला बघू द्या.

आता तुमचा व्यवहाराचा प्रश्न. चौदा वर्षं, सतराशे रेटिंग, मोजके पैसे.

वर्षातून एकदा जिल्हा आणि राज्य निवड खेळू द्या. निवड झाली तर वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धेला जरूर न्या. ओळखीच्या माणसांसमोर दडपणाखाली कसं बसायचं ते तिथेच शिकायला मिळतं. पण उरलेले सगळे पैसे अशा स्पर्धांवर खर्च करा जिथे सुरुवातीच्या मानांकन यादीत तुमचा मुलगा मधल्या रेषेच्या खाली असेल. कारण स्विसची पहिली फेरी यादी मधून दुमडून लागते. दोनशे खेळाडू असतील तर १२० वा खेळाडू विसाव्यासमोर बसतो. हरला तर खाली जाईल, पण जिथे अर्धा गुण काढेल तिथून पुन्हा वर ढकलला जाईल. नऊ फेऱ्यांत त्याला चार-पाच डाव आपल्यापेक्षा दोनशे-तीनशेने वरच्या खेळाडूंशी मिळतील. याउलट गावातल्या छोट्या स्पर्धेत तो पहिल्या पाचांत मानांकित असेल, ट्रॉफी घेऊन येईल आणि रेटिंगचे चार-सहा गुण घालवून बसेल. कपाटात ट्रॉफ्या आणि रेटिंग जिथल्या तिथे, अशी घरं मी खूप बघितली आहेत. मुलगा सोळाचा होतो आणि मग कुणाला काही कळेनासं होतं.

स्पर्धा संपली की घरी आल्यावर किती गुण झाले हे विचारू नका, ते तुम्हाला फोनवर कळलेलं असतंच. त्याचे डाव लिहिलेले कागद मागा. चौदा वर्षांची मुलं ते कागद पिशवीच्या तळाशी चुरगळून ठेवतात. ते सरळ करून एका फाइलमध्ये लावायची सवय तुम्ही लावा. वरच्या खेळाडूंशी हरलेले डाव पुढे ठेवा, जिंकलेले मागे. इंजिन लावण्याआधी त्याने स्वतःच्या हाताने कागदावर एक खूण करावी: माझ्या मते डाव इथे हातातून गेला. मग इंजिन लावा आणि खूण कुठे चुकली ते बघा. सहा महिन्यांनी त्या खुणा खऱ्या जागेच्या जवळ सरकायला लागल्या, तर मुलगा पुढे जातोय, मग यादीतलं रेटिंग त्या महिन्यात काहीही म्हणो. तसं झालं की मला कळवा, पुढच्या वर्षीच्या स्पर्धांची आखणी त्या फाइलवरून करू.